ढील देऊ नकोस

पोई म्हटल्यावर आई म्हणाली, पाणपोई?
कुठं बसवतेस, गच्चीवर?
मी तिला दोन मोजे दाखवले,
शाळेचे, पांढरे, टाचेत विरलेले,
प्रत्येकात पाव किलो मूग,
वर हातभर नायलॉनची दोरी.
हे फिरवायचं.
का?
त्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

दिवसा मी लोहार चाळीत वायर विकते, मीटरवर.
अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर,
अठरा वर्षं हाच वेढा, एकाच दिशेचा.
रात्री साडेनऊला माझगावच्या आमच्या गच्चीवर
रोशेल येते, तिसऱ्या मजल्यावरची.
मागे डॉकमधल्या क्रेनचे लाल दिवे,
दोन टाक्यांच्या मधे आठ फूट जागा,
आणि तिचे चेंडू असे फिरतात
की टाक्यांनीच अंग चोरून घेतलं असं वाटावं.

पहिला धडा मनगटाचा.
दोरी येते, मनगटाला लागते,
एक वेढा, दीड, पावणेदोन,
दोरी तोकडी होते तसा मोजा पिसाळतो
आणि मूग थेट हाडावर.
"आता आला त्या वाटेनं परत पाठव," रोशेल म्हणते.
मी पाठवला त्या वाटेवर माझा कान होता.
मग दंडाचा वेढा. मग मानेचा,
तो आईसमोर करायचा नाही असं ठरलं.

आणि मग गुंता.
दोन्ही दोऱ्या हवेत, मुद्दाम,
मध्यावर एकमेकींना भिडवायच्या.
त्या एकमेकींना पीळ घालतात
आणि पीळ संपला की उलट फिरत सुटतात.
सुटायला हव्यात.
अकरा रात्री मी टाकीखाली उकिडवी बसून
टॉर्च तोंडात धरून निरगाठी सोडवल्या,
आकड्यानं, नखानं, एकदा कात्रीनं.

याच गच्चीवर संक्रांतीला मामा ओरडायचा,
ढील दे, ढील दे!
तेवढं मी नीट शिकले.
बरं, असू दे, बघू, नंतर बोलू.
वैजूच्या आणि माझ्या मधे
अशी नऊ वर्षांची ढील पडून आहे
आणि तिच्यात काय काय गाठी बसल्यात
ते टॉर्च लावूनही दिसायचं नाही.

"घाबरून हात जवळ आणतेस तू," रोशेल म्हणाली.
"सैल पडली की गाठ बसते.
ताणून धर. दोन्ही. आणि थांब."
तुटेल ना?
"तुटू दे. मूगच आहेत."

तुटलं. बाराव्या रात्री डावा मोजा टाचेत फाटला,
पाव किलो मूग गच्चीभर.
खालून पाटणकर ओरडले, गारा पडतायत का हो?
सकाळी कबुतरांना आमंत्रण लागलं नाही.
उजव्या मोज्याला मग जोडीदार दिला
भाच्याचा टक्कल पडलेला टेनिसबॉल.

आणि एका मंगळवारी,
दोन्हीकडची वजनं जुळत नसताना,
झालं.
दोऱ्या भेटल्या. हाताला एवढंच कळलं,
भरल्या ड्रमवरून वायर खेचताना
सुरुवातीला लागतं तसं काहीतरी.
पीळ भरत गेला, भरून थांबला,
मला क्रेनचे चार दिवे मोजता आले इतका थांबला,
आणि मग स्वतःच उलगडला,
मोजा इकडे, बॉल तिकडे, दोघंही उलटे, शहाण्यासारखे.
रोशेल फोनमध्ये बघत होती.
"पुन्हा कर."
पुन्हा झालं नाही.

परवा गिऱ्हाईक आलं: आठ मीटर, लाल, दीड एमएम.
अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर,
चौथ्या वेढ्याला हात आपणहून उलटा वळला.
शेठ म्हणाले, बाई, मोजणं विसरलात?
मनगटावर निळे-हिरवे सहा-सात डाग,
मी बाही खाली ओढली
आणि पहिल्यापासून मोजलं, वायर ताणून धरून.

रात्री ताट वाढताना आईला विचारलं,
वैजूचा नंबर बदलला का गं?
नाही, म्हणाली, तोच आहे.
आणि वरण माझ्या पानात नको इतकं वाढत राहिली.