चालेल का?

सारेमा बेटावर मे महिना उशिरा येतो
आणि आल्या आल्या, बूटही न पुसता,
बालवाडीच्या बागेत शिरतो.
त्याच्यामागून आम्ही:
अकरा पोरं, बावीस रबरी बूट,
आणि मी, हेल्वे, कुरकुरत्या गुडघ्यांची.

नियम एकच.
आधी मला दाखवायचं, विचारायचं, "चालेल का?"
मी "चालेल" म्हटलं की हुंगायचं,
मग जिभेचं टोक,
मग दात.

डँडेलियनचं पिवळं तेवढं चालेल, हिरवं कडू.
लोवीसेने हिरवंच आधी चावलं
आणि असं तोंड केलं
की कुंपणावरचा कावळा उडाला.
गवतातली पिवळी फुलं, त्यांना इथे कोणी
कोंबडीची बोटं म्हणतं, कोणी स्वर्गाच्या किल्ल्या.
आर्गोने चार किल्ल्या चावून खाल्ल्या
आणि बराच वेळ वर बघत राहिला.

जूनमध्ये लायलॅक.
चार पाकळ्यांची हजार फुलं,
त्यांत एखादंच पाच पाकळ्यांचं;
ते सापडलं तर मनात काही मागायचं
आणि गिळून टाकायचं, कुणाला न सांगता.
तावेतने सांगितलं. कुत्रा मागितला होता.
"आता नाही मिळणार," म्हणून तो रडला,
तेव्हा सगळे पुन्हा झुडपात शिरले
त्याच्यासाठी दुसरं शोधायला.

उकू मात्र झुडपात नव्हता.

तो बर्चच्या सावलीत पाठमोरा बसलेला,
जिथे ती दुसरी फुलं असतात,
पांढरी, इवल्या घंटांसारखी, माळेत ओवल्यासारखी,
वासाने वेड लावणारी,
आणि देठापासून मुळापर्यंत विषारी.
त्याचं तोंड हलत होतं.
ओठाला काहीतरी पांढरं.

गुडघे कुठे गेले कोण जाणे, मी धावले.
जबडा धरला, बोट घातलं तोंडात,
ओरडले, थुंक, थुंक, थुंक.
तळहातावर आलं ते
साधं क्लोव्हर होतं,
चोखून पांढुरकं झालेलं.
त्यात मध असतो हे मीच शिकवलं होतं,
सोमवारी.

तो रडला नाही.
माझ्या बोटाचा ठसा गालावर घेऊन
माझ्याकडे बघत राहिला,
जसं दूध नासलं की आपण पातेल्याकडे बघतो.
मी त्याची माफी मागितली.
चार वर्षांच्या माणसाची माफी मागायला
फार खाली वाकावं लागतं.

दुसऱ्या दिवसापासून तो विचारू लागला.
नॅस्टर्शियम समोर धरून: चालेल का?
(चालेल. तिखट आहे, मुळ्यासारखं.)
सूप समोर धरून: चालेल का?
पावाचा तुकडा: चालेल का?
पाण्याचा पेला उन्हात धरून,
आरपार बघून: चालेल का?
ऑगस्टमध्ये लोवीसेचा पडलेला दात
तिच्याकडून मागून आणला.
मी म्हटलं, हे नाही चालणार, उकू.
त्याने मान हलवली,
जणू माझी परीक्षा घेत होता
आणि मी कशीबशी पास झाले.

मग ऊन आखडलं.
बगळ्यांसारखे क्रौंच ओरडत दक्षिणेला गेले,
नॅस्टर्शियम एका रात्रीत काळं पडलं,
उकडलेल्या पालकासारखं.
लायलॅकला पानं तेवढी उरली.
उरलं फक्त एक केशरी फूल, झेंडूच्या जातीचं,
आमच्या भाषेत ज्याच्या नावात पाव आहे;
दहिवर ओघळलं तरी ताठ, कुंपणाशी.

उकूने ते खुडलं. मला विचारलं नाही.
पाकळ्या एकेक करून उपटल्या,
अर्ध्या स्वतःच्या मुठीत,
अर्ध्या माझ्या.
माझ्या मुठीतल्या आधी हुंगल्या,
मग एक आपल्या जिभेच्या टोकावर ठेवली,
डोळे मिटले, थांबला.

मी वाट बघत उभी.
गार वारा, नाक गळतंय,
आत जेवणाची घंटा वाजतेय.

"चालेल," तो म्हणाला. "खा."