तळ लागत नाही

साहेबानं नकाशावर पेन्सिल आधीच टेकवली होती,
आम्ही फक्त दोरी सोडायची.
शिशाच्या गोळ्याला बुडाशी चरबी फासून
ओशेक वाकला,
दोरीच्या चिंध्या बोटांनी चाचपत ओरडला :
सहा वाव. नऊ. अकरा.
मग ओरडलाच नाही.

या खाडीत त्याच्या बापानं कधी नांगर टाकला नाही,
पोचायचाच नाही तो.
वारा फिरला तर पीराच्या कबरीकडे दोन खजूर भिरकावायचे
आणि सुआकिन गाठायचं, उथळ, ओळखीचं,
जिथं पोवळ्याच्या दगडांची घरं पाण्यात पाय सोडून बसलीत.

साहेब खूश.
चरबीला अखेर चिकटून आलेली चिमूटभर वाळू
त्यानं पाकिटात घातली, वर तारीख लिहिली.
रूळ इथं येतील, म्हणाला,
कबरीला वळसा घालू.

परतताना ओशेक वल्ह्यावर गप्प.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
चार वाव म्हणता आलं असतं. खडक म्हणता आलं असतं.
दोरी माझ्याच हातात होती.

सुआकिनला दिवे लागले होते.
हदीजा दारात कॉफी कुटत होती,
आज मासे नाहीत?
त्यानं साहेबाचे तीन पियास्तर
खलबत्त्याशेजारी ठेवले.
ती कुटत राहिली,
नाणी जागच्या जागी थरथरत होती.