मालकाच्या जोखमीवर

वडाळ्याचं ट्रक टर्मिनल, गाळा नंबर एकशे बारा,
निनाई रोडलाइन्स.
पाटीवरचा फोन नंबर अजून सात आकडी.
अण्णा गेल्यावर बदलीन म्हटलं, राहून गेलं.

बिल्टीच्या तळाशी लाल अक्षरांत छापलेलं असतं:
माल मालकाच्या जोखमीवर.
शाळा सुटल्यावर इथे कार्बन सरळ करत बसायचे,
तेव्हा एकदा विचारलं होतं, कोणता मालक?
मालाचा की गाडीचा?
अण्णांनी थुंकी लावून पान उलटलं.
म्हणाले, ज्याच्याकडे पावती नाही तो.

आज अकरापासून खिमजीभाई समोर बसलेत.
सांगलीच्या हळदीचे दोन कंटेनर न्हावा शेव्याला उभे.
जहाज आलंच नाही, परस्पर कोलंबोला गेलं.
पुढच्याचं भाडं तिप्पट,
हॅम्बर्गच्या गिऱ्हाइकाचा दोन ओळींचा मेल,
आणि यार्डातलं मीटर चालू, रविवार धरून.
"हळद पिवळीच राहते बेन, आपण पांढरे पडतो,"
असं म्हणून हसतात,
आणि बशीतला चहा तसाच ठेवतात.

समुद्रावरचं भाडं चढतं तेव्हा
रस्त्यावरचं का उतरतं,
हे मला कुणी एकदा मांडून दाखवा.

निजाम मुलाणी चार दिवस गाडी लावून आहे.
बारा चाकी, एकवीस हप्ते बाकी.
इंदूरहून लसूण घेऊन आला, परतीला माल नाही.
मोबाइलवर भाव आमच्या डोळ्यांदेखत उतरतो:
वडाळा ते इंदूर, चौतीस हजार.
निजाम चष्मा पुसतो. तेहेतीस.
विचार करेपर्यंत साडेएकतीस,
आणि कुणीतरी, कुठल्यातरी ढाब्यावरून, घेऊन टाकतो.
दुसरा येतो. एकोणतीस.

डिझेल पंधरा, टोल पाच, टायरची घासाई,
आणि नाक्यावर जे कुठल्याच पावतीवर येत नाही ते.
निजाम बोटांच्या पेरांवर मोजतो,
करंगळीशी येऊन अंगठा थांबतो.
"रिकामा गेलो तरी तोटा, भरून गेलो तरी तोटा.
पण ताई, रिकामी गाडी फार वाजते."

अण्णांच्या वेळी भाव तोंडाकडे बघून ठरायचा.
ते दिवस काही सोवळ्यातले नव्हते.
हमालीत खायचे, वजनात खायचे,
अण्णांनीही खाल्लं असेल.
पण खाणाऱ्याचं नाव माहीत असायचं,
दिवाळीला त्याच्या घरून फराळ यायचा.
आता एकोणतीस कोण म्हणतंय,
हे निजामला ठाऊक नाही, मलाही नाही.
खिमजीभाईंचं जहाज कुणी वळवलं,
तेही असंच.

तीनच्या सुमारास खिमजीभाई अचानक विचारतात,
"भाई, इंदूरला माझा साडू आहे. मसाल्याचा.
एक कंटेनर फोडून पोती तुझ्या गाडीत भरली तर?"
निजाम माझ्याकडे बघतो.
"भाडं?"
"हळद विकली की."
"आणि डिझेल? पंप हळद घेत नाही, शेठ."

पंखा फिरतो.
मी खण उघडते. वीजबिलाचे सहा हजार, गणपतीच्या वर्गणीचे अडीच,
बाकी माझे.
मोजते, पुन्हा मोजते,
आणि निजामपुढे सरकवते.
दोघांपैकी कुणीच आभार मानत नाही,
ते बरं वाटतं.

बिल्टी लिहायला घेते.
पोती तीनशे वीस. भाडं बत्तीस.
"पेड" आणि "टु पे" यांच्यामध्ये पेन अडतं,
तिथे काहीच लिहीत नाही.
पहिली प्रत खिमजीभाईंना, दुसरी निजामला.
तिसरी माझी.
कार्बन जुना झालाय, तिच्यावर
नावं उमटली नाहीत, आकडेही नाहीत,
नुसते दाबाचे चरे.

तळाची लाल ओळ मात्र छापील आहे.
ती स्वच्छ वाचता येते.