तीन मिनिटं

पोवळं म्हटलं की नान्नांना मंगळाची अंगठी आठवते.
मी आणलेला तुकडा लाल नव्हता.
शिळ्या पावासारखा, भोकाभोकांचा, करडा,
समुद्राच्या तळातून भोक पाडून काढलेला,
आता कुंभारीच्या आमच्या खोलीत, बेचाळीस अंशांत.

"वय किती याचं?"
दोघांना विचारलं तर दोन उत्तरं, मी म्हटलं.
कार्बन म्हणतो पंधरा हजार वर्षं.
थोरियम म्हणतो अठरा.
खोटं कुणीच बोलत नाही,
कार्बनच्या घड्याळाला त्या काळी
आभाळानं वेगळी चावी दिलेली.
म्हणून थोरियमशी ताडून आम्ही त्याची चूक मांडत जातो.
चूक कळली की तेच घड्याळ कामाला येतं.

नान्ना उठले.
आईच्या तेंदूपानांच्या गोणीमागून
ट्रंक ओढली, त्यातून वह्या.

तीस वर्षं मिलचा भोंगा त्यांच्या हातात होता.
अख्खा पूर्व भाग त्यावर चूल पेटवायचा.
आणि मिलचं लंबकाचं घड्याळ मागे पडायचं.
घड्याळजी वर्षातून एकदा, गड्ड्याच्या आधी,
तोवर हात लावायचा नाही, साहेबांचा हुकूम.
नान्नांनी हात लावला नाही.
रोज सायकलवरून स्टेशनाची वेळ
खिशातल्या घड्याळात घालून आणली
आणि मिलच्या वेळेशेजारी लिहिली.

मी पानं उलटते.
पौषात फरक जेमतेम.
चैत्रापासून वाढतो,
वैशाखात आठवड्याला अर्धं मिनिट:
लोखंडी दांडा उन्हानं लांबलेला.
एका सालावर माझं बोट थांबतं.
"या वर्षी फार तापलं होतं?"
"तलावाच्या तळाला भेगा गेल्या होत्या.
तुला कसं कळलं? तू तर नव्हतीस."

मग अकरा महिने कोरे. संप.
या पोवळ्यातही असा एक पट्टा आहे,
पाणी तापलं आणि वाढ थांबली तो.
मी ते सांगत नाही.

कारण नान्ना आता स्वतःच काहीतरी शोधतायत,
चष्मा कपाळावर, बोट जिभेला लावत.
सकाळचा भोंगा वाजला आणि तू झालीस,
आई नेहमी सांगते,
पत्रिकाही त्या वेळेवरच मांडलेली.

पान सापडतं.
मिल ७.००. स्टेशन ७.०३.
आणि समासात, शाई फुटलेली:
मुलगी.