तीन थापा

फहाहीलच्या गल्लीत थंड असा आमचा ट्रकच तेवढा.
कोंबड्यांचे अर्धे खोके उतरवून
मुबीननं आम्हाला आत बसवलं,
मला, रुहीला, गोधडीतल्या यासरला.
म्हणाला, एक थाप म्हणजे गाडी थांबतेय.
दोन म्हणजे चौकी. गप्प.
तीन म्हणजे श्वास घ्या.

बाहेर ऑगस्ट जळत होता,
आत पापण्यांवर बर्फ धरायला लागला.
यासरला खोकला. त्याच्या तोंडात मी
आमसुलाचा तुकडा ठेवला
आणि वर तळहात दाबला.

एक.

दोन.

कडी सरकली. भट्टीचा वारा आत आला.
दारात एक पोरगा, मिसरूडही न फुटलेला,
खांद्यावर बंदूक, ओठ भाजलेले.
खोक्यामागून रुहीची लाल चप्पल दिसत होती.
त्यानं ती पाहिली. त्याला पाहताना मी पाहिलं.
मग डोळे मिटून
तो नुसता गारव्यात मान घालून उभा राहिला,
गुरं पाणवठ्यावर उभी राहतात तसा.
कुणीतरी हाक मारली.
दोन खोके उचलून त्यानं दार लावलं.

तीन थापा आल्याच नाहीत.
सव्वा तास.
पोरांची बोटं काखेत धरून
मी मुबीनला मेलेला धरून बसले,
आणि ट्रक तर धावत होता.
मग चालवतंय कोण?

सरहद्दीपलीकडे दार उघडलं. तोच.
उजवी मूठ अजून स्टिअरिंग धरल्यासारखी मिटलेली.
"विसरलो गं," म्हणाला.
पोरं हसली.

आता दापोलीत कुणी दार वाजवलं
की मी उठत नाही.
मोजते.