ओढणारी बाजू

गेल्या ऑगस्टात माझं जेट पाइनच्या रानात पडलं.
इंजिन वरच विझलं. स्फोट नाही, धूर नाही,
शिट्टी वाजवता वाजवता कुणी झोपी जावं, तसं.
मग नुसता सतरा किलोंचा दगड.
लाउझित्सची वाळू कोरडी, पाइनचा पाचोळा त्याहून.
चौघं जण फवारे घेऊन धावले.
अर्धा गुंठा रान जळालं.
कुणी मला काही बोललं नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं.

दुधानं पोळलेला ताक फुंकून पितो.
मी रॉकेलनं पोळलोय, मी टाकी फुंकतो:
बादलीत बुडवायची, एका तोंडावर बोट,
दुसऱ्यातून श्वास सोडायचा, अगदी बेतानं.
गाल फुगवलेला सत्तरीचा म्हातारा बघून
रीके, माझी नात, पोट धरून हसली.
हसू दे. पाण्यावर एकही बुडबुडा नव्हता.

सगळा हिवाळा गॅरेजात गेला.
पितळी नळीचे तुकडे कापले, कडा घासल्या,
नखाला टोचेनाशा होईपर्यंत.
टोकाला तांब्याच्या तारेचं एकच कडं, त्यावर झाळ,
त्यावर मऊ नळी, वरून तारेचे दोन वेढे,
पीळ आतल्या बाजूला, म्हणजे हात फाटत नाही.
एकतीस वर्षं मी कोळशाच्या खाणीत
खोदयंत्राच्या तेलनळ्या सांभाळल्या.
तिथं नळी फुटली की लपत नसे.
तेल ओरडत बाहेर यायचं.

मार्चमध्ये पंप चालवून पाहिला, इंजिन न जोडता.
पारदर्शक नळीतून बुडबुडा गेला, मोहरीएवढा.
मग दुसरा.
मी प्रत्येक सांध्याला टिपकागद लावला.
सगळे कोरडे. टाकी कोरडी, गाळणी कोरडी,
बुडबुड्यांसाठी सापळा म्हणून ठेवलेली छोटी टाकी,
तीही बाहेरून कोरडी ठणठणीत.
आणि नळीत मोहऱ्या चालल्याच होत्या, ओळीनं.

गेझीने रात्रपाळीहून आली,
डायलिसिसच्या वॉर्डातून, छातीवर घड्याळ अजून उलटं लटकलेलं.
कॉफी हातात घेऊन वाकली, बराच वेळ वाकूनच होती.
म्हणाली, "पापा, तू बाहेर काय येतंय ते शोधतोयस.
ही ओढणारी बाजू आहे. इथं गळत नाही.
इथं हवा आत येते."
काडीच्या टोकावर तेलाचा एक थेंब घेतला,
एका सांध्यावर ठेवला. थेंब बसून राहिला.
दुसऱ्यावर. बसून राहिला.
तिसऱ्यावर, सापळ्याच्या पुढे, पंपाच्या अलीकडे,
थेंब आत गेला,
आणि नळी क्षणभर काचेसारखी स्वच्छ झाली.

तोच सांधा मी सगळ्यात आधी केला होता.
त्याचा फोटो काढून ठेवला होता.

गेझीने झोपायला गेली. मी तो कापला.
आतून पाहिलं तर नळीवर बारीक ओरखडा,
कड घासण्याआधी चढवली असणार, घाईत,
मला आठवत नाही.
एकतीस वर्षांत किती सांधे असे
कोरडे म्हणून मी सोडून दिले असतील,
ते मोजायला बसलो, आणि मग बसलो नाही.

मे महिना. जुनी लष्करी धावपट्टी, फटींतून गवत.
रीकेकडे दोन कामं: आग विझवायचा सिलिंडर,
आणि हवानळीचं बूच, लाल फीत बांधलेलं.
बूच राहिलं तर टाकी स्वतःच्याच ओढीनं चिमटते,
हे मी तिला एकदाच सांगितलं.
तिनं बूच काढलं, फीत मनगटाला गुंडाळली,
मला दोनदा दाखवली.
टाकी काठोकाठ भरली, हवानळीतून दोन थेंब सांडले,
तिनं खाली फडकं धरलं होतं.
हाताचा कॉक उघडला.

नळी भरली. मी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.
मागे लोक आभाळाकडे बघत उभे होते,
वारा कुठून आहे ते.
इंजिन पेटलं, शिट्टी चढत गेली,
रीके ओरडली, "आजोबा, लागलं!"
मी नळीकडेच बघत होतो.