उजव्या कानाच्या बाजूला

अच्युतचा उजवा कान गेला त्याला सहा वर्षं झाली.
डावा आहे अजून, पण तोही
पेन्शनीत निघालेल्या माणसासारखा, मर्जीनं काम करतो.
यंत्र घेतलंय. ते गाडीच्या कप्प्यात
हिंगाच्या रिकाम्या डबीत असतं.
वास येतो म्हणून तो घालत नाही,
घालत नाही म्हणून डबीत राहतं, म्हणून वास येतो.

गाडी मी चालवते. म्हणजे तो डावीकडे,
म्हणजे माझ्याकडे त्याचा उजवा कान.
रेडिंगपासून केंटच्या टोकापर्यंत
मी या भिंतीशी बोलत आलेय.

सँडविच नावाच्या गावात त्यानं हट्टानं सँडविच खाल्लं.
कोरडं होतं. "ऐतिहासिक आहे," म्हणाला,
अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं.
डोव्हरला कड्याच्या पोटातल्या बोगद्यांत
प्रत्येक पाटी वाचली, तारखेसकट,
आणि युद्धातल्या त्या टेलिफोन एक्स्चेंजपाशी
जुनं नातेवाईक भेटल्यासारखा उभा राहिला.
चौतीस वर्षं याच कामात गेलेला माणूस,
हात लावू नये लिहिलेलं, म्हणून
हवेतच बोटं हलवत होता.

हाइथला कालवा लागला.
नेपोलियन येईल म्हणून खणलेला. तो आलाच नाही.
आता बदकं, आणि भाड्याच्या होड्या.
तिथं, लाल दिव्यापाशी,
मी म्हटलं ते.
की चौऱ्याऐंशी साली नानांचं निळं एरोग्राम आलं होतं,
एकदा येऊन जा, एवढंच, अक्षर वाकडं,
आणि तुला त्याच आठवड्यात कायम करणार होते,
म्हणून मी ते अकरा दिवस
तांदळाच्या डब्यामागे ठेवलं.
मग सुतकात तू पोस्टाला शिव्या घातल्यास.
मीही घातल्या, तुझ्याबरोबर.

दिवा हिरवा झाला.
"सुंदर आहे," अच्युत म्हणाला, कालव्याकडे बघत.

पुढे सपाट गवत, मेंढ्या,
बंदुकांसाठी भोकं ठेवलेली एक काँक्रीटची खोली,
भोकांतून काटेरी वेल बाहेर आलेली.

ग्रेटस्टोनला बंगल्यांमागे रस्ता संपतो.
गोटे, मग पाणी, पाण्यापलीकडे ते:
एक उथळ परात, एक खोल कढई,
आणि तिसरी नुसतीच वाकलेली लांब भिंत.
काँक्रीटचे कान. समुद्राकडे लावलेले.
विमान दिसायच्या आधी त्याची घरघर धरायची,
कुणीतरी नळ्या कानाला लावून बसायचं.
लाटाही यायच्या त्यात, बोटी, रस्त्यावरच्या मोटारी,
नको ते वगळायची सोय नव्हती.
एवढं बांधलं, आणि रडार निघालं.
लढाई आली तेव्हा हे रिटायर होते.
सगळं त्यानंच सांगितलं मला, ओरडून,
वारा असल्यासारखं. वारा नव्हता.

"बिचारे," मी म्हटलं. त्याला नाही, त्यांना.

टिटवीच्या जातीचं काहीतरी केकाटत गेलं
आणि त्यानं मान वळवली. डावी बाजू पुढे करून.
"हाइथला काय म्हणत होतीस?"
"चहा घेऊ या, म्हटलं."
"एवढा वेळ?"

मग त्यानं थर्मास उघडला, खरंच चहा ओतला,
टोपणात मला, झाकणात स्वतःला,
आणि पिऊन होईतो त्या कढईकडे बघत राहिला.
माझं टोपण गार झालं.
"किल्ली दे," म्हणाला.
"संध्याकाळचं दिसत नाही तुला."
"दिसतं."

डावीकडची सीट त्याच्या पाठीनं गरम होती, फार मागे सरकवलेली.
माझ्या शेजारी आता त्याचा डावा कान:
पांढरे केस, आणि पाळीला
सोनारानं कधीकाळी टोचलेलं, बुजलेलं भोक.
इतक्या जवळून मी ते कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.
राय, बारा मैल, अशी पाटी गेली.
ती त्यानं वाचली नाही.
रेडिओही लावला नाही.